वेताचं स्टूल आणि नवी सिस्टीम

सर,

तुम्ही गेलात तेव्हा आमच्या कलेक्टर ऑफिसात टाइपरायटर खडखडत होते आणि मी टेलिफोनच्या बोर्डावर बसून दोऱ्या या भोकातून त्या भोकात घालत होतो. तो बोर्ड कधीच भंगारात गेला. आता माझ्यासमोर संगणक आहे. कळा टाइपरायटरसारख्याच, आणि कानात एक आवाज. पडद्यावर जे काय लिहिलेलं असेल ते तो आवाज मला वाचून दाखवतो. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा आहे तो. कुठं थांबायचं त्याला कळत नाही, भाव म्हणून काही नाही, आणि तुमच्या हिमायतनगरचं नाव तर असं घेतो की तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं. पण खरं सांगतो, सर, त्याच आवाजाच्या जिवावर मी गेली कितीतरी वर्षं पगार घेतोय. ही सगळी प्रस्तावना एवढ्यासाठी की मला एक गोष्ट ठरवायची होती, आणि ती ठरवताना तुम्ही सारखे मधे मधे येत होता.

गेल्या दिवाळीपासून हे यंत्र मला रोज सकाळी एकच विचारत होतं. नवी सिस्टीम तयार आहे, फुकट आहे, आत्ता घेता की नंतर? सिस्टीम म्हणजे यंत्राच्या आतलं घर समजा. चूल कुठं, पाणी कुठं, चपला कुठं काढायच्या, हे कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं. आमच्या ऑफिसातली डोळस माणसं त्या घरात माऊस धरून बघत बघत फिरतात. मी बोटांनी फिरतो. कुठली कळ दाबली की कुठलं दार उघडतं हे माझ्या बोटांना पाठ आहे आणि त्यांच्यापेक्षा मी भराभर जातो, हे तेही मान्य करतात. नवी सिस्टीम घेतली की त्याच घरातलं सामान कुणीतरी हलवून ठेवणार. दार कुठं गेलं ते शोधा. शिवाय माझा तो वाचणारा आवाज नव्या घरात येईल का नाही, याची खात्री नव्हती. म्हणून मी रोज 'नंतर' दाबायचो. तुमचा विद्यार्थी, आणि रोज 'नंतर'. हसू नका.

यंदा पाऊस नाही. गेल्या वर्षीही नव्हता. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येतंय, सर. मिरजेकडून डबे भरून येतात आणि लोक स्टेशनवर ते बघायला जातात. आमच्या ऑफिसात टंचाई कक्ष म्हणून एक खोली उघडली आहे आणि तिथल्या फोनवर मला बसवलंय. गावोगावचे फोन येतात, टँकर आला नाही, आला पण अर्धाच आला, आला पण सरपंचाच्या गल्लीतच रिकामा झाला. मी ऐकायचं, गाव-तालुका विचारायचा, यंत्रात नोंद करायची आणि ती त्या त्या तहसीलला जायची. रोजची माणसं आता आवाजावरून ओळखू येतात. औशाचा एक म्हातारा आहे, तो टँकरचं सोडून आधी सुनेची तक्रार सांगतो. शिरूर अनंतपाळकडची एक बाई आहे. ती सकाळी ऑफिस उघडलं की पहिला फोन करते. "ओ काका, मीच हाय बगा. आज बी आलं न्हाई." मी म्हणतो, लिहून घेतलं बाई. ती म्हणते, "तुमी लिवलं की येतंय. त्या दुसऱ्यानं लिवलं की येत न्हाई." दुसरा म्हणजे शेजारचा क्लार्क, मी जागेवर नसलो की तो फोन उचलतो. आता टँकर काही माझ्या लिहिण्यावर चालत नाही. पण असं कुणी म्हणलं की माणूस दिवसभर ताठ बसतो, हे मी नाकारणार नाही.

मग वरून हुकूम आला. टँकरसाठी नवा प्रोग्रॅम आलाय आणि तो फक्त नव्या सिस्टीमवर चालतो, तेव्हा सगळी यंत्रं सोमवारपर्यंत बदलून घ्या. आमच्याकडे संगणकाचं बघणाऱ्या एक मॅडम आहेत, निलंग्याच्या. लई चांगली बाई, मला काका म्हणतात, डब्यातली शेंगाची चटणी आठवणीनं आणून देतात. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुमचं मशीन आपण आहे तसंच राहू देऊ. तुम्ही नुसता फोन उचला, शेजारचा क्लार्क आहेच, तो लिहून घेईल."

मी म्हणलं, "मग मी कशाला पाहिजे?"

"असं कसं? तुम्ही बसा की निवांत. चार वर्षं तर राहिली रिटायरमेंटला."

बसा की निवांत. सर, हे वाक्य मी जन्मापासून ऐकतोय. औशाला आमचं किराणा दुकान होतं, तुम्ही एकदा आला होता. तुमच्या शाळेत येण्याआधी मला घरच्यांनी तिथं ज्वारीच्या पोत्यावर बसवून ठेवलं होतं. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, आणि पोत्यावर. बसून राहा बाळा, हलू नको, पडशील. येणारंजाणारं गिऱ्हाईक डोक्यावरून हात फिरवायचं आणि गुळाचा खडा द्यायचं. कुणी वाईट नव्हतं. सगळे इतके चांगले होते की मला सात-आठ वर्षांचा होईपर्यंत आमच्या दुकानाला मागचं दार आहे हे माहीत नव्हतं. मॅडमचं ते 'निवांत' ऐकलं आणि मला त्या पोत्याचा वास आला. मला राग आला. चांगल्या माणसाचा राग आला की तो काढताही येत नाही, म्हणून मी "विचार करून सांगतो" एवढंच म्हणलं.

तुम्ही कधी कुणाला निवांत बसू दिलं नाही. नांदेडच्या अंधशाळेच्या त्या वसतिगृहात मी आलो आणि पहिल्या आठवड्यात सगळं पाठ करून टाकलं. दारातून आत, भिंतीला डावा हात, खाटांची रांग, कोपऱ्यात रांजण, रांजणापलीकडं मोरी. मी इतका खूश होतो की रांजणापर्यंत पळत जायचो. आणि एक दिवस रांजण जाग्यावर नाही. माझी खाट भलतीकडंच, माझ्या जागी दुसऱ्याच पोराचे पाय. सगळी पोरं धडपडतायत, शिव्या देतायत, कुणीतरी रडतंय, आणि तुम्ही दारात उभे राहून शांतपणे विचारताय, "काय करून राहिले रे तुम्ही? घर सापडंना का?" तुमचं ते नांदेडकडचं 'करून राहिले' आम्हाला तेव्हा विषासारखं वाटायचं. थोरली पोरं म्हणायची, सरांना दर थोड्या दिवसांनी ही लहर येतेच, सामान हलवतात आणि मजा ऐकत बसतात. तुम्हालाही दिसत नव्हतं, पण आम्हाला वाटायचं, यांनीच हलवलेलं, यांना काय, सगळं माहीत असतंय.

तो मोठा दुष्काळ त्यातच आला. गोदावरीकाठचं गाव, पण वसतिगृहाच्या आडात बादली खरवडायची. तुम्ही पाणी वाटून द्यायला लागलात. संध्याकाळी प्रत्येकाला तांब्याभर, रात्रीचं आणि सकाळचं त्यातच. मला तो तांब्या अजून हातात जाणवतो, पितळी, काठाला एक पोचा. एका संध्याकाळी मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून खाटेकडे चाललो होतो. पावलं पाठ होती. आणि वाटेत बाक. दुपारपर्यंत तिथं बाक नव्हता. मी त्याच्यावरून पालथा पडलो, तांब्या गडगडत गेला, आणि पाणी फरशीवर पसरल्याचा आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. मी फरशीवर ओठ टेकवून पाणी चाटायला गेलो, ते तुम्हाला कसं कळलं कुणास ठाऊक. तुम्ही माझं बकोट धरून मला उठवलंत. मी तुम्हाला दुष्ट म्हणलो. आणखी बरंच म्हणलो, ते औशाच्या बाजारातलं होतं.

तुम्ही ऐकून घेतलं. मग म्हणालात, "झालं? आता ऐक. तुला ही खोली माहीत नाही. तुला फक्त सवय माहीत आहे. खोली माहीत असलेला माणूस हात पुढं ठेवून चालतो."

आम्हा पोरांना वाटलं, आता सर स्वतःच्या वाट्यातलं पाणी देतील. गोष्टीतले गुरुजी देतात तसं. तुम्ही दिलं नाही. स्वयंपाकाच्या मावशी चुलीपाशी होत्या, त्यांनी भांडं उचलल्याचा आवाज झाला, तर तुम्ही त्यांनाही "राहू द्या" म्हणालात. मी ती रात्र तशीच काढली. सर, मी आता साठीच्या जवळ आलो, मला रक्तदाब आहे, दोन दात नाहीत, पण त्या पाण्याचा राग मला अजून आहे. तो गेला असं लिहून तुम्हाला बरं वाटवणार नाही.

पुढचं मात्र तुमच्या बाजूचं आहे, तेही लिहितो. मी हाताशी आलो त्याच सुमाराला उस्मानाबादमधून लातूर वेगळं काढून नवा जिल्हा केला. गावात हलग्या, पेढे, मिरवणूक, आणि दुसऱ्या दिवसापासून गोंधळ. ऑफिसला धड इमारत नाही. भाड्याच्या जागेत खाली खजिना, वर पुरवठा, मधे कलेक्टर. मला ऑपरेटरची जागा मिळाली आणि तुम्ही नांदेडहून एसटीनं आलात, मला इमारत शिकवायला. रविवार होता. चौकीदारानं कुलूप काढलं आणि बिडी ओढत बसला. तुमची काठी पुढं, माझी मागं, आपण दोघं त्या रिकाम्या इमारतीत हिंडतोय. तुम्ही प्रत्येक दाराला हात लावून कडी कुठली, उंबरा केवढा, वारा कुठून येतो हे मला विचारताय. मी सांगतोय आणि मनात म्हणतोय, चला, पाठ झालं. संध्याकाळी बाहेर पडताना तुम्ही म्हणालात, "हे सगळं उद्या विसरायचं हां."

उद्या खरंच विसरावं लागलं. उस्मानाबादहून ट्रक यायला लागले. कपाटं, टेबलं, दप्तरांचे गठ्ठे. आज जिन्याखाली उतरवले ते उद्या व्हरांड्यात, परवा कलेक्टरांच्या दारात. आठवड्याला खात्यांच्या जागा बदलायच्या. बदलून आलेले उस्मानाबादचे जुने कारकून तर रोज चुकायचे, रेकॉर्ड रूम म्हणून संडासात जायचे. मी हात पुढं धरून, काठी टेकवत, सकाळी एक फेरी मारायचो आणि आज काय कुठं आहे ते समजून घ्यायचो. महिन्याभरात असं झालं की लोक मलाच विचारायचे, "ओ ऑपरेटर, पुरवठा शाखा आज कुठंय?" एक नायब तहसीलदार होते, ते मोठ्यानं म्हणायचे, "नवा जिल्हा झाला अन् डोळे फक्त ह्यालाच फुटले." मला ते फार आवडायचं. मी ते तुम्हाला पत्रात कळवलंही होतं, आणि तुमचं ब्रेलमधलं उत्तर आलं होतं, एका ओळीचं. घरी काय करतोस ते कळव.

घरी मी काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक होतं बहुतेक. माझ्या लग्नात तुम्ही स्वतः विणलेलं वेताचं स्टूल घेऊन आलात. एसटीच्या टपावर टाकायला नको म्हणून मांडीवर धरून आणलंत, कंडक्टरशी भांडून. माझ्या हातात देताना म्हणालात, "याला एका जागी ठेवू नको." बायको औशाचीच, डोळस, तोंडाची धारदार, अंगणवाडीत शिकवायची. तिनं विचारलं, "म्हणजे कुठं ठेवायचं?" तुम्ही म्हणालात, "ते तू ठरव. त्याला सांगू नको." ती हसली. मी नाही हसलो. तुम्ही नांदेडच्या गाडीत बसलात आणि मी घरी येऊन ते स्टूल खिडकीशी ठेवलं, भिंतीला टेकवून, आणि तिला सांगितलं, हे इथून हलवायचं नाही. ऑफिसात दिवसभर हात पुढं धरून चालायचं, तर घरी तरी हात सोडून चालू दे. तीस वर्षं झाली. फरशीत त्या स्टुलाच्या पायांचे खळगे पडलेत. नुसतं स्टूल नाही, डबे, चपला, साबण, सगळं. ती म्हणते, "आधी सांगितलं असतं तर लग्न केलं नसतं, वस्तुसंग्रहालयात नोकरी धरली असती. पगार तरी मिळाला असता."

यंदाच्या टंचाईनं मात्र तिनं मला हरवलं. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले याचा हिशेब आता कुणी ठेवत नाही. गल्लीत महापालिकेचा टँकर येतो आणि त्याची नळी आमच्या दारातच संपते. म्हणून तिनं मोठी टाकी आणली आणि दारातून आत आल्या आल्या, माझ्या वाटेत ठेवली. मी ऑफिसातून आलो आणि धाडकन् गुडघा. मी ओरडलो. त्या दिवशी मॅडमनी मला निवांत बसायला सांगितलं होतं, तोही राग त्यात गेला. माझ्या वाटेत कुणी ठेवलं, कुणाला विचारून ठेवलं, घरात माणूस राहतो का नाही, असं काय काय. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत असावी, आवाज तसा येतो. म्हणाली, "पाणी पाहिजे का वाट पाहिजे, एकदा काय ते सांगा. मी तसं करते."

मी स्टुलावर जाऊन बसलो. गुडघा चोळता चोळता हात खाली नडगीवर गेला आणि मला तुमच्या नडग्या आठवल्या.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला आणि मी रात्रीच्या गाडीनं हिमायतनगरला पोचलो. तुम्हाला भिंतीशी बसवलं होतं, आपल्यात बसवतात तसं, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, बेलाचा वास. लोक रांगेनं पाया पडत होते. माझी पाळी आली, मी पाय चाचपले आणि हात वर सरकला. धोतराखाली तुमच्या नडग्या. खडबडीत, जुन्या जखमांच्या, गाठीवर गाठ. एकाही जागी सपाट कातडी नव्हती. माझ्या नडग्या आयुष्यभर आंधळेपणा करूनही तशा नाहीत. मी तिथंच बसून राहिलो तर मागचे म्हणायला लागले, उठा की ओ, रांग थांबली.

बाहेर लिंबाखाली वसतिगृहाच्या मावशी होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच. मी विचारलं, सरांच्या पायाला काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "कामून, तुला ठावं न्हाई? सामान मीच हलवायची की. सर म्हनायचे, मावशे, आज रात्री समदं बदल, पर मला सांगू नको काय कुठं ठिवलं ते. सकाळी तुमच्या आधी तेच आपटायचे. लागलं तरी तोंडातून आवाज काढायचे न्हाईत, पोरं ऐकतील म्हून." मी म्हणलं, आणि त्या बाकाचं? माझं पाणी सांडलं तेव्हाचं? त्या म्हणाल्या, "त्यो बाक मी दुपारीच हलवला व्हता, अन् तुझ्या आधी त्येंच्याच वाट्याचा तांब्या त्याच्यावर सांडला. त्या दिवशी त्येंच्यापाशी बी न्हवतं रे, द्यायला."

मी परत येताना बसमध्ये खूप रडलो. शेजारच्याला वाटलं बाप गेला. मी म्हणलं, हाव, बापच. घरी आलो आणि स्टूल होतं तिथंच ठेवलं. माणसाला कळणं एक आणि वळणं एक, हे तुम्ही आम्हाला शिकवायला नको होतं, ते आम्हाला आपोआप येतं.

तर टाकीच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हणलं, "माझं पण मशीन बदला." त्या गडबडल्या. म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज चालेल याची ग्यारंटी नाही. अन् एकदा बदललं की लगेच मागं येता नाही येणार. ऐन टंचाईत कशाला?" मी म्हणलं, टंचाई आहे म्हणूनच. शेजारचा क्लार्क त्या शिरूरच्या बाईला अगं-तुगं करतो. त्यांनी दोनदा विचारलं, मग कामाला लागल्या.

डोळस माणसाला सिस्टीम बदलताना पडद्यावर काहीतरी फिरताना दिसतं म्हणे. मला काय? आवाज बंद झाला. बस्स. यंत्र चालू आहे का मेलं, काही कळेना. मी त्याच्या पत्र्यावर हात ठेवून बसलो. आत पंखा फिरतोय, पत्रा कोमट आहे, म्हणजे जीव आहे. दुपार झाली. लोक जेवून आले. मला वाटत होतं, आवाज आला नाही तर मी उद्यापासून पोत्यावर. चार वर्षं गुळाचे खडे. आणि मग कानात तो डबा वाजला. तेवढ्याच वाईट उच्चारात. मॅडमनीच टाळी वाजवली.

पण घर नवं होतं. माझी एक कळ जिथं जायची तिथं जाईना. दार उघडायचं आणि आत भलतंच. मी चाचपडत होतो आणि फोन वाजला. शिरूरच्या बाईचा, त्या दिवशीचा दुसरा. "काका, सकाळी लिवलं त्याचं काय झालं? लेकरं टँकरच्या वाटंला बसल्यात." मी नव्या प्रोग्रॅममध्ये तिचं गाव शोधतोय, तालुका सापडला, गाव सापडेना. आवाज मला भलत्याच याद्या वाचून दाखवतोय. शेजारचा क्लार्क म्हणाला, "द्या इकडं, मी करतो." मॅडमही उठल्या. मी हात वर करून दोघांना थांबवलं. बाईला म्हणलं, "बाई, इथलं सगळं सामान हलवलंय. मला जरा हुडकावं लागंल."

ती म्हणाली, "मंग हुडका की. पाण्यासाटी एवढं थांबलाव, तुमच्यासाटी थांबायला काय हुतंय."

ती खरंच थांबली. तिच्याकडं कुठंतरी शेळी ओरडत होती, एक लेकरू काहीतरी मागत होतं, ती त्याला गप करत होती. मी सवयीनं पळायचं सोडलं. एकेक भिंत चाचपत गेलो, ही कळ, पुढची कळ, मागं, परत. गाव सापडलं. नोंद केली. 'नोंद झाली' असं डब्यानं वाचलं ते मी फोन त्याच्याजवळ धरून तिला ऐकवलं. ती म्हणाली, "हे कोण बोललालंय? सर्दी झालीय का ह्येला?" दुसऱ्या दिवशी तिचा फोन टँकर आल्याचा होता. आता मी त्या घरात बऱ्यापैकी फिरतो, हात पुढं ठेवून. हे पत्रही तिथंच लिहितोय.

इथं थांबलो असतो तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी मी फुगून घरी गेलो आणि बायकोला म्हणलं, ते स्टूल हलव. कुठं ते मला सांगू नको. सरांनी सांगितलं होतं ते आता तरी करू. ती मग "बरं" म्हणाली. सकाळपासून मी घरात चालायला लागलो ते पहिलीतल्या पोरासारखा. मोरीकडं जाताना पाय घासत, देवापुढं जाताना हात पसरून. खिडकीकडं तर फिरकलोच नाही, उगीच जुन्या सवयीनं बसायला जाईन आणि आपटेन म्हणून. आठवडा गेला. स्टूल काही लागलं नाही. मला वाटलं, आपल्याला खोली माहीत झाली. मनात म्हणलं, बघा सर.

काल संध्याकाळी ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दमलाव का? सांगू का कुठंय ते?"

तुम्ही कधीच विचारलं नसतं. मी म्हणलं, सांग.

ती म्हणाली, "हलवलंच न्हाई. खिडकीपाशीच हाय. दिवसभर तिकडं हात पुढं करून चालताव, घरी बी पडलाव तर मला कोण हाय?"

मी उठलो, सरळ चालत खिडकीशी गेलो, हात न पसरता, आणि बसलो. स्टुलाचे पाय त्याच खळग्यांत होते. मला बरं वाटलं, सर. इतकं बरं वाटलं की काय सांगू. हेच तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र ब्रेलमध्ये काढत नाही, यंत्रातच ठेवतो.